अद्‌भुतिका-खेळांतील धर्म व यातुविद्या

अद्‌भुतिका-खेळांतील धर्म व यातुविद्या : भूमिका घेऊन खेळावयाच्या आधुनिक बैठ्या खेळांसाठी जी कल्पित जगे उभारली जातात, त्यांतील देवदेवता, पुराकथा, उपासनापंथ, पुरोहितवर्ग आणि मंत्रतंत्र यांची हेतुपुरस्सर केलेली रचना. ह्या प्रकारच्या खेळाचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन व मिनेसोटा ह्या राज्यांत १९७० नंतरच्या काही वर्षांत झाला. खेळात एक सूत्रधार असतो. तो जगाचे, प्रसंगांचे व प्रतिपक्षाचे वर्णन करतो. इतर खेळाडू प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेऊन ते पात्र काय करील हे सांगतात आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित असेल तिचा निर्णय फासे टाकून लावला जातो. हे फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे असतात. पट किंवा सोंगट्या असल्याच पाहिजेत असे नाही. खेळाचा मुख्य भाग संभाषणाचा असतो आणि एकच कथानक कित्येक वर्षे चालू राहू शकते.

कादंबरीकाराला जादू संदिग्ध ठेवता येते. मांत्रिकाने हात उचलला आणि दरवाजा उघडला एवढे त्याने लिहिले, की वाचकाचे समाधान होते. खेळात मात्र सहा माणसे टेबलाभोवती बसून विचारतात, की हा मंत्र दिवसातून किती वेळा म्हणता येतो, किती अंतरावरून लागू पडतो, चुकला तर काय होते, आणि तोच मंत्र शत्रूलाही येत असेल तर जय कोणाचा. देवतेच्या बाबतीतही हेच घडते. प्रार्थनेला उत्तर मिळते किंवा नाही, आणि मिळत असेल तर कोणाला व कशाच्या मोबदल्यात, हे नियमात लिहावे लागते. धर्माची जी अंगे प्रत्यक्ष जीवनात अनुभवाच्या किंवा श्रद्धेच्या पातळीवर राहतात, त्यांना संख्येचे व नियमाचे रूप देणे खेळरचनाकाराला भाग पडते. ह्या सक्तीतून काय निपजले, हाच ह्या विषयाच्या इतिहासाचा गाभा होय.

पूर्वपीठिका : कल्पित जगाच्या निर्मितीला ‘उपसृष्टी’चे तात्त्विक अधिष्ठान जे. आर. आर. टॉल्किन ह्यांनी परीकथांवरील आपल्या १९३९ मधील व्याख्यानात दिले. तथापि खेळांतील यातुविद्येची घडण टॉल्किन ह्यांच्यापेक्षा दुसऱ्याच परंपरेतून झाली. सर जेम्स फ्रेझर ह्यांनी द गोल्डन बाउ (१८९०) ह्या ग्रंथात जादूची दोन तत्त्वे मांडली होती : सदृशातून सदृश निर्माण होते, आणि एकदा परस्परांच्या संपर्कात आलेल्या वस्तू दूर गेल्यावरही एकमेकींवर परिणाम करीत राहतात. एल्. स्प्रेग द कँप व फ्लेचर प्रॅट ह्या लेखकद्वयाने १९४० पासून लिहिलेल्या विनोदी कथांत एक मानसशास्त्रज्ञ ही तत्त्वे भौतिकीच्या नियमांसारखी वापरून नॉर्स पुराकथांच्या जगात वावरतो. जादूला तर्कशास्त्र असते आणि ते शिकता येते, ही कल्पना येथून रुळली. ‘माना’ ह्या शब्दाचा प्रवास असाच आहे. आर्. एच्. कॉड्रिंग्टन ह्या मिशनरी अभ्यासकाने द मेलानीझियन्स (१८९१) ह्या ग्रंथात मेलानीशियन लोकांच्या अतिमानुष शक्तीच्या कल्पनेचे वर्णन करताना तो रूढ केला. मानवशास्त्रातून तो लॅरी निव्हन ह्यांच्या कथांत आला. त्यांच्या १९६९ मधील एका कथेत माना ही खनिज तेलासारखी संपत जाणारी नैसर्गिक संपत्ती आहे. पुढे खेळांत, विशेषतः संगणकीय खेळांत, तो मांत्रिकाजवळच्या शिलकी शक्तीचे नाव म्हणून इतका सार्वत्रिक झाला, की आज तो वापरणाऱ्या बहुसंख्य मुलांना त्याचे पॅसिफिक मूळ ठाऊक नसते.

दुसरा प्रवाह युद्धखेळांचा. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून प्रशिक्षणासाठी वापरला गेलेला युद्धखेळ आणि एच्. जी. वेल्स ह्यांचे लिटल वॉर्स (१९१३) हे पुस्तक ह्यांच्यापासून ही परंपरा चालत आली. गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व जेफ पेरेन ह्यांनी १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांचे चेनमेल हे नियमपुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या शेवटी ड्रॅगन, मांत्रिक इत्यादींसाठी एक पुरवणी जोडलेली होती. पुरवणीतील मांत्रिक म्हणजे जवळजवळ एक चालता तोफखानाच होता. ह्याच सुमारास मिनेसोटातील डेव्ह आर्नसन (१९४७–२००९) ह्यांनी ‘ब्लॅकमूर’ ह्या कल्पित प्रदेशात प्रत्येक खेळाडूला एकेका व्यक्तीची भूमिका देऊन खेळ चालविण्यास प्रारंभ केला. ह्या दोघांच्या सहकार्यातून जानेवारी १९७४ मध्ये डन्‌जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ तीन पुस्तिकांच्या पेटीच्या रूपाने निघाला. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या एक हजार प्रती छापल्या होत्या.

पुरोहित आणि मांत्रिक : डन्‌जन्स अँड ड्रॅगन्समधील पुरोहित ह्या पात्रप्रकाराचा जन्म धर्मविषयक विचारातून झालेला नाही. ब्लॅकमूरच्या खेळात एका खेळाडूने रक्तपिपासू पिशाचाची भूमिका घेतली आणि तो इतरांना आवरेनासा झाला. त्याला तोडीस तोड म्हणून, ब्रिटिश भयपटांतील पिशाचांचा पाठलाग करणाऱ्या डॉक्टरच्या धर्तीवर, क्रूस दाखवून प्रेतयोनींना पळवून लावणारा धर्मगुरू योजण्यात आला. त्याला धारदार शस्त्र वर्ज्य केले गेले. बायो येथील प्रसिद्ध भरतकामपटात बिशप ओडो हातात सोटा घेऊन लढताना दिसतो. धर्मगुरूने रक्त सांडू नये म्हणून तो सोटा वापरी, अशी एक समजूत त्यावरून प्रचलित होती. ही समजूत इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, पण खेळात ती नियम होऊन बसली. १९७४ च्या नियमांत ह्या पुरोहिताचा देव कोणता, हे कोठेही सांगितलेले नाही. त्याला मंत्र मिळत, जखमा भरून काढता येत, पुढील पातळीवर मेलेल्याला उठवताही येई. परंतु पूजा कोणाची करावयाची, हा प्रश्न खेळाडूंनी विचारीपर्यंत उद्‌भवलाच नाही. गायगॅक्स ह्यांच्या स्वतःच्या ‘ग्रेहॉक’ ह्या जगातील सेंट कथबर्ट ह्या देवतेचे नाव सातव्या शतकातील एका खऱ्या इंग्रज संतावरून घेतलेले आहे. ह्यावरून ही देवकुले किती सहजगत्या जुळविली गेली याची कल्पना येते.

मांत्रिकाच्या बाबतीत गायगॅक्स ह्यांनी जॅक व्हान्स ह्यांच्या द डाइंग अर्थ (१९५०) ह्या कथासंग्रहातील कल्पना उचलली व तिचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. व्हान्स ह्यांच्या जगात मांत्रिक पोथीतून मोजकेच मंत्र मोठ्या कष्टाने स्मरणात साठवितो. मंत्र उच्चारला, की तो स्मृतीतून पुसला जातो आणि पुन्हा पाठ करावा लागतो. भारतीय वाचकाला ही रीत उफराटी वाटेल. आपल्या परंपरेत मंत्र जपाने बळावतो, सिद्ध होतो. येथे तो काडतुसासारखा एकदाच उडतो. पण खेळाच्या दृष्टीने ही योजना अत्यंत सोयीची ठरली. सूत्रधाराला मांत्रिकाचे सामर्थ्य मोजता येई आणि खेळाडूला सकाळीच ठरवावे लागे, की आज कोणत्या संकटाची तयारी करावयाची. १९७८ च्या खेळाडू-पुस्तिकेत मंत्रांना द्रव्येही जोडण्यात आली. अग्निगोलासाठी वटवाघळाची विष्ठा व गंधक लागते. विजेच्या लोळासाठी केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबराची किंवा काचेची कांडी लागते. पहिल्यात दारूगोळ्याचे घटक आहेत आणि दुसऱ्यात शाळेतील स्थिर विद्युत्‌चा प्रयोग आहे. दुसऱ्याच्या मनातील विचार वाचण्याच्या मंत्राला तांब्याचे नाणे लागते, त्यामागे एका इंग्रजी वाक्प्रचारावरील कोटी आहे. फ्रेझर ह्यांचे सदृशतेचे तत्त्व येथे थट्टेच्या रूपाने अवतरले आहे.

ह्या जादूविषयी खरी तक्रार वेगळीच होती. ती जगाशी जोडलेली नव्हती. मंत्र कोठून आले, त्यांचा समाजावर काय परिणाम झाला, मेलेला मनुष्य द्रव्य मोजून उठविता येत असेल तर वारसाहक्काचे आणि शोकाचे काय, ह्या प्रश्नांना नियमांत जागा नव्हती. आयझॅक बोनेविट्स ह्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९७० मध्ये ‘जादू’ ह्या विषयातच पदवी संपादन केली होती. त्यांनी १९७८ मध्ये ऑथेंटिक थॉमटर्जी हे पुस्तक लिहून खेळांतील यातुविद्या प्रत्यक्षातील यातुविद्येच्या तत्त्वांवर बसविण्याचा यत्न केला. पुस्तक चतुर आहे, पण खेळावयास जड असल्याने त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

देवांचे अंकन : १९७६ मध्ये रॉबर्ट कुंट्झ व जेम्स वॉर्ड ह्यांनी गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज ही पुरवणी लिहिली. तीत ग्रीक, ईजिप्शियन, नॉर्स, भारतीय इ. पुराकथांतील देवतांना युद्धाचे गुणांक देण्यात आले. पुरवणीच्या प्रास्ताविकात म्हटलेला हेतू वेगळा होता : आपली पात्रे भलत्याच उंचीला नेणाऱ्या खेळाडूंना, साक्षात ओडिनची पातळी काय असते ते दाखवून ताळ्यावर आणावे. परिणाम उलट झाला. ज्याला गुणांक आहेत त्याला मारता येते, असा अर्थ टेबलाभोवती लावला गेला. १९८० मध्ये ह्याच लेखकांचे डीटीज अँड डेमीगॉड्स हे अधिक विस्तृत पुस्तक निघाले. त्यात झ्यूसच्या जीवनशक्तीचे ४०० गुण नोंदविलेले आहेत. त्याच पुस्तकात इंद्र, अग्नी, वरुण, सूर्य ह्यांचीही कोष्टके आहेत.

ह्या पुस्तकातील सर्वांत मोठा दोष अनादराचा नव्हे, वर्गीकरणाचा आहे. खेळात प्रत्येक जिवाचा नैतिक कल सांगावा लागे. ‘व्यवस्था’ व ‘अनवस्था’ ह्या दोन टोकांची कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मुरकॉक ह्यांच्या कादंबऱ्यांतून आली होती. पुढे तिला सुष्ट-दुष्ट हा दुसरा अक्ष जोडून नऊ घरांचा एक तक्ता बनला. ऋताचा रक्षक वरुण ह्या तक्त्यात एक वेळ बसेल. परंतु रुद्र हा उग्रही आहे आणि वैद्यांतील श्रेष्ठ वैद्यही आहे. काली संहारिणीही आहे आणि माताही आहे. अशा देवतेला एकाच घरात बसविले, की तिच्या उपासनेचे मर्मच निसटते. शिवाय ऋग्वेदकालीन देवता व पुराणांतील देवता एकाच यादीत समकालीन म्हणून मांडल्यामुळे एकीने दुसरीची जागा कशी घेतली, हा धर्माच्या इतिहासातील सर्वांत रंजक भाग आपोआप गळला. ग्रीक देवांच्या बाबतीतही हाच आक्षेप घेता येतो; मात्र झ्यूसच्या मंदिरात आज नैवेद्य दाखविला जात नाही, हा भेद नजरेआड करता येत नाही.

टेकुमेल : धर्म ही यादी नसून संस्था आहे, ही जाणीव पहिल्यांदा दिसते ती एंपायर ऑफ द पेटल थ्रोन (१९७५) ह्या खेळात. त्याचे कर्ते एम्. ए. आर्. बार्कर (१९२९–२०१२) हे भाषाशास्त्रज्ञ होते. क्लॅमथ ह्या अमेरिकन इंडियन भाषेचे व्याकरण व कोश त्यांनी सिद्ध केले. उर्दू व बलुची ह्यांच्या अध्ययनासाठी पाठ्यपुस्तके तयार केली. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे अध्यापन केले. तरुणपणी शिष्यवृत्तीवर भारतात असताना त्यांनी इस्लामचा स्वीकार केला होता. बालपणापासून ते रचीत आलेल्या ‘टेकुमेल’ ह्या जगात यूरोपीय मध्ययुगाचा मागमूस नाही. भारतीय उपखंड, मध्य अमेरिका आणि प्राचीन ईजिप्त यांच्या धर्तीची पुरातन, कुळांनी बांधलेली, दरबारी संस्कृती तेथे आहे. तिची भाषा, लिपी आणि व्याकरणही त्यांनी तयार केले.

टेकुमेलमध्ये स्थैर्याच्या पाच व परिवर्तनाच्या पाच मुख्य देवता आहेत आणि प्रत्येकीची एक सहदेवता आहे. ह्या वीस देवतांची मंदिरे ह्या जमिनी, ग्रंथालये, सैन्यदले व राजकीय पक्ष बाळगणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्यात उघड युद्ध होऊ नये म्हणून एक करार आहे, पण छुपी चढाओढ अखंड चालू असते. अग्निदेव व्हिमुह्ला ह्याला नरबळी दिला जातो आणि त्याचा पुरोहित त्याबद्दल लज्जित नसतो. कृती सुष्ट आहे की दुष्ट, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. ती आपल्या कुळाला व देवतेला साजेशी, म्हणजे उदात्त आहे की हीन, एवढेच विचारले जाते. जादूचे स्पष्टीकरणही नियमांबाहेरचे नाही. हा ग्रह दूरच्या भविष्यकाळी मानवांनी वसविलेला व पुढे एका स्वतंत्र अवकाशात अडकलेला आहे. तेथे सृष्टीचे आवरण पातळ असल्याने पलीकडच्या प्रतलांतील शक्ती खेचून घेता येते. व्यापारी दृष्ट्या खेळ फारसा चालला नाही. नावे उच्चारणेच अनेकांना जड गेले.

बार्कर ह्यांच्या कीर्तीला मरणोत्तर जबर धक्का बसला. १९९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली एक नव-नाझी प्रचारकी कादंबरी त्यांनीच लिहिली होती, असे त्यांच्या साहित्याचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल प्रतिष्ठानाने २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केले. परसंस्कृतींविषयी इतके सखोल ज्ञान असलेल्या लेखकाची ही दुसरी बाजू त्याच्या चाहत्यांना सर्वांत अधिक बोचली, आणि टेकुमेलचे पुढे काय करावयाचे हा त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला.

ग्लोरँथा : ह्या क्षेत्रातील सर्वांत परिपक्व निर्मिती म्हणून ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) ह्यांच्या ‘ग्लोरँथा’ ह्या जगाचा उल्लेख करावा लागतो. स्टॅफर्ड ह्यांनी विस्कॉन्सिनमधील बेलॉइट महाविद्यालयात शिकत असताना १९६६ मध्ये ह्या जगाच्या कथा लिहावयास घेतल्या. खेळ हा तेव्हा हेतूच नव्हता. पुराकथा वाचून संपल्या, म्हणून नव्या रचाव्यात अशी ती वृत्ती होती. मिर्चा एलियाड व जोसेफ कँबेल ह्यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता आणि शामानी साधनेत त्यांना स्वतःला रस होता. १९७५ मध्ये त्यांनी केऑसियम ही संस्था काढून व्हाइट बेअर अँड रेड मून हा पटावरील युद्धखेळ प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये स्टीव्ह पेरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या जगासाठी रूनक्वेस्ट हे भूमिका-खेळाचे नियम तयार केले.

रूनक्वेस्टमध्ये जादू ही एखाद्या वर्गाची मिरासदारी नाही. गुराख्यालाही तलवारीची धार वाढविण्याचा एखादा मंत्र येतो. प्रत्येक जिवात ‘शक्ती’ नावाचा एक गुण असतो. साध्या मंत्रांसाठी ती खर्च होते आणि दिवसभरात भरून येते. परंतु एखाद्या देवतेची दीक्षा घ्यावयाची असेल, तर ह्या शक्तीचा काही अंश कायमचा अर्पण करावा लागतो. तो अंश परत मिळत नाही. त्याच्या बदल्यात उपासक देवतेशी बांधला जातो आणि तिच्या दिव्य मंत्रांचा अधिकारी होतो. एका आकड्यात घट झाल्याने दीक्षा, त्याग आणि ऋणानुबंध ह्या तिन्ही कल्पना खेळाडूला अनुभवास येतात. डन्‌जन्स अँड ड्रॅगन्समध्ये संख्येने देवाला मारण्याजोगे केले; येथे संख्येनेच उपासनेला किंमत आणली.

१९७९ मधील कल्ट्स ऑफ प्रॅक्स हे ह्या परंपरेतील प्रमाणभूत पुस्तक होय. त्यात प्रत्येक पंथाची मांडणी मानवशास्त्रीय अहवालासारखी केली आहे : पुराकथा, मरणोत्तर गती, समाजातील स्थान, संघटना, सामान्य भक्त, दीक्षित, पुरोहित, त्यांची कर्तव्ये व निषेध, आणि मित्रदेवता. प्रॅक्स हा ओसाड कुरणांचा प्रदेश असून तेथील टोळ्या रानरेडे, उंच लामा, काळवीट इ. जनावरांवर स्वार होतात. त्यांच्या मूळ पुरुषाची कथा अशी, की महाविनाशानंतर सर्वांना पुरेसे अन्न राहिले नाही. तेव्हा माणसे आणि जनावरे ह्यांच्यात पैज लागली. जिंकणाऱ्याने मांस खावे, हरणाऱ्याने गवत. जवळजवळ सर्वत्र माणूस जिंकला. मात्र टॅपिरसारख्या दिसणाऱ्या एका जमातीने बाजी मारली, आणि ती जमात आजही बुद्धिहीन झालेल्या माणसांचे कळप पाळते. जनावर मारताना त्याचा आत्मा शांत करून परत पाठविण्याचा विधी प्रत्येक टोळीवाल्याला यावा लागतो. उपजीविका, अपराधभाव आणि कर्मकांड ह्यांची अशी सांगड इतर खेळांत क्वचितच आढळेल.

मृत्युदेव हुमाक्ट ह्याचा पंथही उल्लेखनीय आहे. त्याच्या दीक्षिताला वरदाने मिळतात, पण प्रत्येक वरदानासोबत एक निर्बंध येतो : अमुक अन्न खावयाचे नाही, अमुक दिवशी बोलावयाचे नाही. आणि हुमाक्टच्या भक्ताला मेल्यावर उठविता येत नाही; मृत्यूचाच उपासक मृत्यूला नाकारणार कसा? पुनरुज्जीवनाच्या मंत्राने अन्य खेळांत मरणाचे मोल उतरविले होते, ते येथे धर्माच्याच आधारे पुन्हा प्रस्थापित झाले.

ग्लोरँथातील मुख्य पुराकथा वादळदेव ओर्लांथ आणि सूर्यसम्राट येल्म ह्यांच्या वैराची आहे. ओर्लांथ येल्मला ठार मारतो, जग अंधारात बुडते, राक्षसी अनवस्था आत शिरते. आपली चूक उमगून ओर्लांथ पाताळात उतरतो, येल्मची क्षमा मागतो आणि त्यांच्या समेटातून सूर्य परत येऊन काळाला प्रारंभ होतो. ही कथा डोंगरी शेतकरी सांगतात ती अशी. सूर्योपासक साम्राज्यात तीच कथा राजहत्या करणाऱ्या बंडखोराची होते. दोन्ही कथा खऱ्या मानल्या जातात, कारण दोन्हींतून फळ मिळते. उपासक विधीच्या द्वारे पुराकथेत शिरून देवतेची भूमिका करू शकतो व तेथून सामर्थ्य घेऊन येऊ शकतो. भूमिका-खेळाच्या आत असा आणखी एक भूमिका-खेळ वसलेला आहे. ह्या प्रक्रियेचे संपूर्ण नियम मात्र वर्षानुवर्षे जाहीर होत राहिले आणि लांबत गेले.

तौलनिक पुराकथाशास्त्राच्या पद्धतीवरच टीका करणारा एक भागही स्टॅफर्ड ह्यांनी ह्या जगाच्या इतिहासात घातला. देवविद्यावंत म्हणविणाऱ्या विद्वानांचे एक साम्राज्य सर्व पुराकथा मुळात एकच आहेत असे ठरविते आणि ते सिद्ध करण्यासाठी दोन प्रदेशांच्या धान्यदेवतांची अदलाबदल करते. दोन्ही देवता धान्याच्याच; मग फरक काय पडणार? पिके बुडतात. पुढे ते साम्राज्यही लयास जाते. ज्या कँबेल ह्यांच्या विचारांवर स्टॅफर्ड वाढले, त्यांच्या एककथावादाला दिलेले हे उत्तर म्हणता येईल.

अन्य प्रयोग : सँडी पीटरसन ह्यांच्या कॉल ऑफ कथुलू (१९८१) ह्या खेळात, एच्. पी. लव्हक्राफ्ट ह्यांच्या कथांना अनुसरून, गुप्तविद्येची किंमत मनःस्वास्थ्याच्या गुणांत मोजावी लागते; जितके अधिक कळेल तितके शहाणपण घटत जाते. जोनाथन ट्वीट व मार्क राइन-हॅगन ह्यांच्या आर्स मॅजिका (१९८७) ह्या खेळात लॅटिनमधील पाच क्रियापदे व दहा नामे यांच्या संयोगातून कोणताही मंत्र रचता येतो. ‘निर्मिणे’ आणि ‘अग्नी’ जुळविले की ज्वाला, ‘जाणणे’ आणि ‘मन’ जुळविले की परचित्तज्ञान. खेळ तेराव्या शतकातील यूरोपात घडतो आणि त्या काळचे लोक ज्यावर विश्वास ठेवीत ते खरेच होते, असे त्यात गृहीत धरलेले आहे. म्हणून चर्चच्या पवित्र भूमीवर मांत्रिकाची शक्ती मंदावते. यातुविद्येची इतकी सुबक रचना दुसरी नाही.

एड ग्रीनवुड ह्यांनी लहानपणापासून रचलेले ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग १९८७ मध्ये प्रकाशित झाले. १९८९ मध्ये डन्‌जन्स अँड ड्रॅगन्सचे नियम बदलले आणि मारेकरी हा पात्रप्रकार गाळण्यात आला. तेव्हा ह्या जगात त्याचे कारण असे सांगण्यात आले, की देव पृथ्वीवर ढकलले गेले, त्या उलथापालथीत हत्येचा देव मरण पावला आणि त्याच्यासोबत जगातील सर्व मारेकरी मेले. प्रकाशन-वेळापत्रकाची अशी पुराकथा झालेली पाहून मौज वाटते.

विरोध : १९७९ मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचा संबंध ह्या खेळाशी जोडला, तो निराधार असल्याचे मागाहून दिसून आले. १९८३ मध्ये, मुलाच्या आत्महत्येने पोळलेल्या एका मातेने खेळाविरुद्ध संघटना उभारली. खेळातील मंत्र खरे आहेत व मुले त्यांतून सैतानाच्या उपासनेकडे वळतात, असा प्रचार ख्रिस्ती मूलतत्त्ववादी गटांतून झाला. १९८४ मध्ये एका चित्रपुस्तिकेने तो दूरवर पोहोचविला आणि १९८५ मध्ये एका राष्ट्रीय दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याला प्रतिष्ठा दिली. गायगॅक्स स्वतः ख्रिस्ती श्रद्धावान होते, हे ह्या गदारोळात कोणी विचारात घेतले नाही. खेळ आणि आत्महत्या यांच्यात कार्यकारणसंबंध असल्याचे कोणत्याही संशोधनात सिद्ध झाले नाही. तथापि प्रकाशकांनी १९८९ च्या आवृत्तीतून सैतान व दैत्य ह्यांची नावे काढली व पुढे त्यांच्या जागी बनावट नावे घातली. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावे परत आली. ज्यांना हा खेळ खोटा वाटत होता त्यांनी तो निर्धास्तपणे खेळला. ज्यांना तो खरा वाटला त्यांनी त्यातील जादूवर खेळाडूंहून अधिक विश्वास ठेवला.

श्रद्धेचा प्रश्न : ह्या सर्व जगांत एक तार्किक अडचण उरते. जेथे पुरोहिताने हात ठेवताच जखम भरते, तेथे नास्तिक कोणी होऊच शकत नाही आणि श्रद्धेलाही अर्थ राहत नाही. देव ही वीजपुरवठ्यासारखी एक व्यवस्था होते. कीथ बेकर ह्यांच्या ‘एबेरॉन’ (२००४) ह्या जगात ह्यावर उपाय शोधलेला आहे. २००२ मध्ये प्रकाशकांनी नव्या जगासाठी जी योजना जाहीर केली, तिच्यासाठी आलेल्या सु. ११ हजार कल्पनांतून हे जग निवडले गेले. तेथे देव कोणाला भेटत नाहीत. पुरोहितांना मंत्र मिळतात, पण ते देवाकडून मिळतात की स्वतःच्या निष्ठेतून, हे ठरविता येत नाही. भ्रष्ट झालेल्या पुरोहिताचेही मंत्र चालू राहतात, त्यामुळे धर्मपीठात भ्रष्टाचार संभवतो. काही पंथ तर देवच मानीत नाहीत, तरी त्यांनाही तेच सामर्थ्य लाभते. पाखंड, संशय, धर्मसुधारणा हे विषय अशा रीतीने खेळाच्या कक्षेत आले.

उसन्या देवतांचा वापर अलीकडे उत्तरोत्तर संकोचलेला दिसतो. डन्‌जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ मधील खेळाडू-पुस्तिकेच्या परिशिष्टात केल्टिक, ग्रीक, ईजिप्शियन व नॉर्स ही चारच ऐतिहासिक देवकुले दिलेली आहेत. १९७६ व १९८० च्या पुस्तकांत असलेले भारतीय देवकुल त्यांत नाही.